लांबून शिकवणारे, जवळ राहणारे

लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली गाडी तिनईघाट मागे टाकून कॅसलरॉकला पोचते, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे इंजिनात बसलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असावं लागतं. कॅसलरॉक ते कुळे हा घाट ३७ला १ असा आहे, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर खाली उतरते. मालगाडीचं वजन, एकामागून एक येणारे बोगदे, पावसाळ्यातलं धुकं, डोंगरावरून रुळांवर घसरणारी माती, हे सगळं सांभाळत गाडी आवरून न्यायची असते. म्हणून नव्या लोको पायलटला या मार्गावर एकट्याने गाडी देत नाहीत. आधी त्याला ‘एलआर’ करावा लागतो, म्हणजे लर्निंग रोड. मार्ग जाणणाऱ्या चालकासोबत तो फेऱ्या करतो, दिवसा आणि रात्रीही. ब्रेक कुठून धरायचा, कोणत्या वळणाआड सिग्नल दडलेला असतो, हे तो पाहतो, विचारतो, मनात बसवतो. मग स्वतःच्या सहीने लिहून देतो की हा मार्ग मला माहीत झाला.

याच लोंढा जंक्शनवर कामाची दुसरी एक रीतही जुनी आहे. दूर हुबळीच्या कार्यालयात बसलेला सेक्शन कंट्रोलर फोनवरून एकेका स्टेशन मास्तरला सांगत असतो, ही गाडी पुढे काढा, ती लूपवर घ्या. त्याला ना स्टेशन दिसतं ना गाडी, तरी पूर्ण मार्गाची वाहतूक तो हलवतो. तारेवरून हुकूम जातो, माहिती जाते, आणि ती व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली आहे. घाट उतरवण्याची हातोटी मात्र तारेवरून गेली नाही. ती शेजारी बसूनच एकाकडून दुसऱ्याकडे गेली.

इंटरनेटवरून होणाऱ्या मार्गदर्शनाचा खरा प्रश्न मला यात दिसतो. हुकूम आणि माहिती लांबवर पाठवायला आपण केव्हाच शिकलो. शेजारी बसणं लांबवर पाठवता येतं का?

गेल्या काही वर्षांत सरकारने आणि कंपन्यांनी ऑनलाइन शिक्षणावर बरीच मेहनत घेतली, पण त्यातला मोठा भाग अजून पहिल्याच प्रकारचा आहे. शिक्षकांसाठी २०१७मध्ये ‘दीक्षा’ हा मंच आला. २०१९मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झालं आणि कोरोनाच्या वर्षी तेही दीक्षावर गेलं. व्हिडिओ पाहायचा, प्रश्नमंजुषा सोडवायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. यातून माहिती पोचते आणि तिची गरजही आहे. पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी मराठी शाळेत चौथीचा मुलगा हातच्याची वजाबाकी दर वेळी एकाच जागी चुकत असेल, तर बाईंना त्या मुलाच्या वहीबद्दल कोणाशी तरी बोलायचं असतं. व्हिडिओ त्या वहीत डोकावू शकत नाही.

बेळगाव भागाला हा अनुभव वीस वर्षांपूर्वीच आलेला आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने एज्युसॅट सोडला. केवळ शिक्षणासाठी बांधलेला तो आपला पहिला उपग्रह. त्याच्या पथदर्शी प्रयोगासाठी तीन विद्यापीठं निवडली गेली: बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचं राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ. सीमेच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक, अशी दोन विद्यापीठं एकाच उपग्रहाकडे अँटेना लावून बसली होती याचं मला अजून अप्रूप वाटतं. चांगला प्राध्यापक जिथे नव्हता तिथे तो पडद्यावर दिसू लागला, आणि आडगावच्या महाविद्यालयासाठी ती मोठीच गोष्ट होती. पण स्टुडिओत एक जण बोलतोय आणि कितीतरी महाविद्यालयं ऐकताहेत, अशी रचना असली की प्रश्न विचारण्याची सोय असूनही पाळी क्वचितच येते, आणि आली तरी विचारणारा कोण हे उत्तर देणाऱ्याला माहीत नसतं. २०१०मध्ये उपग्रहाची सेवा संपली. तोवर इंटरनेट पुष्कळ स्वस्त झालं होतं.

पुढचं पाऊल आयआयटी मुंबईतले प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने पडलं. देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांना त्यांनी दुतर्फा चित्रसंवादातून प्रशिक्षण द्यायला घेतलं. त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक दूरस्थ केंद्रावर एक समन्वयक असायचा आणि त्याला आधी पवईला बोलावून तयार केलं जायचं. म्हणजे पडद्याच्या या बाजूलाही विषय जाणणारा माणूस हजर होता. पुढे जिथे जिथे अशी योजना टिकली, तिथे हा जागेवरचा माणूस कोणत्या ना कोणत्या रूपात सापडतोच.

शेजारी बसणं लांबवर पाठवता येतं याचा मला ठाऊक असलेला सर्वांत भक्कम पुरावा वैद्यकातला आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ. हेपटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात येण्यासाठी आठ-आठ महिने वाट पाहावी लागायची. उपचार त्या काळी अवघड होता. इंजेक्शनं आणि गोळ्या महिनोन् महिने घ्यायच्या, दुष्परिणाम बरेच, आणि गावातल्या डॉक्टरला तो देण्याचा धीर होत नसे. २००३मध्ये अरोरा यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णाला शहरात आणण्याऐवजी गावच्या डॉक्टरलाच तयार करायचं ठरवलं. २१ ठिकाणं जोडली, त्यांत लहान दवाखाने होते आणि तुरुंगही.

या बैठका कशा चालतात ते समजून घेण्यासारखं आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सगळे पडद्यावर जमतात. सुरुवातीला एखादं छोटं व्याख्यान होतं, पण खरा वेळ जातो रुग्णांवर. लहान गावातला डॉक्टर आपला रुग्ण मांडतो. नाव-गाव झाकलेलं असतं, फक्त वय, तपासण्या, औषधं आणि ‘मी इथे अडलोय’ एवढं. आधी बाकीच्या गावांतले डॉक्टर प्रश्न विचारतात, आपलं मत देतात. मग तज्ज्ञ बोलतात. सल्ला मिळतो, पण रुग्ण त्या गावच्या डॉक्टरचाच राहतो. औषध तोच लिहितो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा येऊन काय झालं ते तोच सांगतो. ऐकत बसलेले बाकीचे वीस जणही त्या एका रुग्णापासून शिकतात. आज जो विचारतो, तो वर्षभराने दुसऱ्याला सांगू लागतो.

२०११मध्ये याचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. ४०७ रुग्ण होते. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या शरीरातून विषाणू हटला, आणि गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्क्यांच्या. गंभीर दुष्परिणाम गावाकडच्या रुग्णांत कमीच दिसले. कोणता रुग्ण कुठे जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे या आकड्यांची तुलना थोडी जपूनच करावी लागते. तरी जे काम फक्त तज्ज्ञ करू शकतो असं मानलं जात होतं, ते लहान गावात तितक्याच चांगल्या रीतीने झालं. बंगळूरच्या निम्हान्सने २०१४च्या सुमारास हीच पद्धत उचलली आणि व्यसनमुक्ती व मानसिक आजारांसाठी दूरदूरच्या डॉक्टरांना अशा बैठकांत घेतलं. खानापूरच्या रुग्णाला बेळगाव, तिथून हुबळी किंवा बंगळूर असा प्रवास करावा लागतो, त्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी ज्याने पाहिली आहे त्याला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

एकोचं बळ तंत्रात नाही. व्हिडिओ कॉल तर आता कुणाच्याही खिशात आहे. बळ आहे ते या तीन गोष्टींत की शिकणाऱ्याचं स्वतःचं अडलेलं काम हाच धडा असतो, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि जबाबदारी शिकणाऱ्याच्या खांद्यावरून काढून घेतली जात नाही. घाटात एलआर करणाऱ्या चालकाच्या बाबतीत तरी दुसरं काय घडतं? गाडी खरी, घाट खरा, आणि शेवटची सही त्याचीच.

मुलांच्या बाबतीत या शोधाची एक शाखा थेट महाराष्ट्रात येते. सुगत मित्रा यांनी १९९९मध्ये दिल्लीत कालकाजीला एका भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतल्या मुलांसाठी मोकळा सोडला. पुढे असे संगणक सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसले आणि परिमला इनामदार यांनी तिथल्या मुलांचा अभ्यास केला. कोणी न शिकवता मुलं संगणकाचं पुष्कळ काही आपापसांत शिकली. पण मित्रा यांच्या कामातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग तमिळ मुलखातल्या कलिकुप्पम गावातला आहे. तिथे मुलांपुढे इंग्रजीत जैवतंत्रज्ञानाचा मजकूर ठेवला. स्वतःच्या बळावर ती शून्यावरून सुमारे तीस टक्के गुणांपर्यंत आली आणि तिथे थांबली. मग एक तरुणी त्यांच्या सोबतीला दिली. तिला विषय येत नव्हता. तिने फक्त आजीसारखं मागे उभं राहायचं, ‘हे कसं केलंस? मला दाखव ना’ असं विचारायचं आणि कौतुक करायचं. गुण पन्नासच्या आसपास गेले.

त्यातून २००९मध्ये ‘ग्रॅनी क्लाउड’ निघाला. इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षिका आणि इतर स्वयंसेवक स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोलू लागले. २०१३चं टेड पारितोषिक मित्रा यांना मिळालं आणि त्या पैशांतून ‘स्कूल इन द क्लाउड’च्या ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतली एक फलटणला झाली, प्रगत शिक्षण संस्थेत. ही संस्था मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४मध्ये काढली. अमेरिकेत जन्मलेली ही भाषातज्ज्ञ बाई फलटणला आली, मराठीत रमली, भारतीय नागरिक झाली आणि खेड्यातल्या मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर तिने आयुष्यभर काम केलं. प्रयोगाला अशी जागा मिळणं हे मला फार मोलाचं वाटतं. पडद्यावरच्या आजीला मुलांची भाषा येत नव्हती, पण खोलीत मुलांना ओळखणारी माणसं होती.

माणसं नसतील तर काय होतं, तेही नोंदलं गेलं आहे. उत्तराखंडात भिंतीतल्या संगणकांचा मागोवा घ्यायला गेलेल्या पायल अरोरा यांना काही ठिकाणी बंद पडलेली खोकी आणि गावकऱ्यांच्या पुसट आठवणी सापडल्या. २०१०मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. यंत्र बसवणाऱ्याने ते वाचायलाच हवं.

मोठ्या संख्येने केलेली चाचणी हवी असेल तर आफ्रिकेतल्या बोत्सवानाकडे पाहावं. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजार कुटुंबांसोबत एक प्रयोग केला. काहींना आठवड्याला गणितं एसएमएसवरून पाठवली. काहींना एसएमएसच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. साधा फोन, व्हिडिओसुद्धा नाही. नुसत्या एसएमएसने फारसं काही साधलं नाही. फोन मिळालेली मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली. दोन्ही गटांना गणितं तीच मिळाली होती. वाढली ती एक ओळखीची हाक, आणि मूल जिथे अडलं तिथे थांबणारं माणूस. त्याच वर्षी इटलीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गरीब घरच्या मुलांना आठवड्याला तीन तास ऑनलाइन शिकवलं, तिथेही मुलांची प्रगती मोजण्याइतकी दिसली. शिकवणारे व्यावसायिक शिक्षक नव्हते, हे यात विशेष.

लोंढ्याच्या आसपास या प्रकारचं शिकणं सर्वांत सहज कुठे घडू शकतं, असं कोणी विचारलं तर मी रानाकडे बोट दाखवेन. भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यातच आहे. तिथल्या बारापेडेच्या गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. कॅसलरॉकला सापडलेल्या एका बेडकाचं नवी जात म्हणून वर्णन इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २००५मध्ये केलं. हेच कुंटे फुलपाखरांचे अभ्यासक म्हणून ओळखले जातात, आणि भारतातल्या फुलपाखरांची जी मोठी ऑनलाइन नोंदवही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तिच्यात कोणीही फोटो पाठवू शकतो. दिनांक आणि ठिकाण द्यायचं, जाणकार ते तपासतात. आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवरही असंच चालतं. ईबर्डवर एखाद्याने न पटणारी नोंद टाकली की त्या भागाचा तपासनीस निरोप पाठवतो: पक्षी किती अंतरावर होता, फोटो आहे का, आवाज ऐकला का?

हा निरोप पहिल्यांदा आला की नवख्याला राग येतो. आपण खोटं बोलतोय असं यांना वाटतं का? पण तो वाचून पुढच्या वेळी तो पंखांची खालची बाजू टिपतो, चोचीचा रंग वहीत लिहितो, शंका असेल तर शंका म्हणून नोंदवतो. चांगला तपासनीस नुसतं नाव सांगत नाही. खालच्या पंखावरची कुठली रेघ पाहायची ते सांगतो, आणि पुढच्या वेळी शिकणाऱ्याला नाव आपलं आपल्याला सापडतं. लोंढ्यातल्या अकरावीच्या मुलीला घरची ऐपत नसताना, विद्यापीठ कोसो दूर असताना, देशातल्या उत्तम निसर्गअभ्यासकाकडून स्वतःच्या फोटोवर बोल ऐकायला मिळू शकतात. पंचवीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं, आणि मला याचा मनापासून आनंद होतो.

हाताच्या कामात मात्र पडदा लवकर अपुरा पडतो. या भागातली पुष्कळ मुलं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये जातात. ओतीव कामात ब्लोहोल आले तर त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर उस्तादाला पाठवता येतो आणि उस्ताद कारणही ओळखू शकतो. पण साच्याची वाळू किती ओली आहे हे मुठीत दाबून कळतं, फोटोत कळत नाही. लेथवर हत्यार बोथट झालं की आवाज बदलतो, आणि फोनचा माइक नेमका तोच आवाज गोंगाट म्हणून दाबून टाकतो. म्हणून अशा धंद्यात आधी काही महिने उस्तादाच्या हाताखाली काढायचे, एकमेकांची नजर आणि शब्द ओळखीचे करून घ्यायचे, आणि मग दूर गेल्यावर फोनवरून विचारत राहायचं, हाच क्रम मला योग्य वाटतो. आधी सहवास झाला असेल तर ‘जरा सैल वाटतंय’ एवढ्या शब्दांतही पुष्कळ काही पोचतं.

सीमाभागातल्या मराठी शाळांची गरज याहून वेगळी आहे. पाठ्यपुस्तक कर्नाटकाचं, माध्यम मराठी, घरात कोकणीकडे झुकणारी बोली आणि बाजारात कन्नड. शाळेत एक-दोन शिक्षक. त्यांच्या वर्गातल्या अडचणी समजणारा जाणकार पलीकडे कोल्हापुरात असेल, पुण्यात असेल, किंवा इथेच निपाणीला निवृत्त होऊन बसलेला असेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२०मध्ये ‘नॅशनल मिशन फॉर मेंटरिंग’ची कल्पना मांडली गेली. अनुभवी शिक्षकांनी इतर शिक्षकांना ऑनलाइन मार्गदर्शन करावं, आणि तेही भारतीय भाषांतून, अशी ती योजना. २९ जुलै २०२२ रोजी ३० केंद्रीय शाळांत तिचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. खानापूरच्या रानातल्या शाळेपर्यंत ती कधी येईल याची वाट पाहण्याची गरज नाही. पाच शाळांच्या शिक्षकांनी आणि एका निवृत्त गुरुजींनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली, प्रत्येक वेळी एका मुलाची वही मधोमध ठेवली, तर एकोची सगळी सामग्री तिथे जमली.

काही पथ्यं आधीच ठरवून घ्यावीत. मुलांशी बोलणं असेल तेव्हा शाळेतलं जबाबदार माणूस खोलीत हवंच, आणि मुलाशी परस्पर खाजगी मेसेज कोणी करू नयेत. मुलाचं नाव आणि चेहरा झाकून वही दाखवावी. वरिष्ठ अधिकाऱ्याला या बैठकीत बसवू नये, कारण ज्याच्या हाती आपला शेरा आहे त्याच्यासमोर ‘मला हे शिकवता येत नाही’ असं कोणी म्हणत नाही. आणि डेटाचं रिचार्ज शिक्षकाच्या पगारातून जाऊ नये.

राहिला रेंजचा प्रश्न. भीमगडच्या पोटातली आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा ही गावं. आमगाव तर कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे वीज आणि नेटवर्क या दोन्हींचा भरवसा नसतो. व्हिडिओ कॉलचा हट्ट तिथे चालणार नाही, पण त्याची गरजही नाही. शिक्षकाने वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवावा, आपला प्रश्न आवाजात रेकॉर्ड करावा, आणि शनिवारी खानापूरला उतरल्यावर दोन्ही पाठवावेत. गुरुजींचं उत्तरही आवाजातच यावं, पाच-सात मिनिटांचं, त्या मुलाच्या त्या वजाबाकीबद्दल. ते फोनमध्ये उतरवून घेऊन शिक्षक सोमवारी वर्गात जाईल. पुढच्या शनिवारी तो तेच पान पुन्हा पाठवील, या वेळी मुलाने नव्याने सोडवलेलं.